हिल्ट्रूडबाईंच्या सत्तावीस कळ्या

हिल्ट्रूडबाई म्हणजे हट्टाचं दुसरं नाव, एल्बे नदीकाठच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. सरकारी रोपवाटिकेने कॅमेलियाची फुलझाडं उपटून काकड्या लावायचं ठरवलं, तेव्हा तिथे चाळीस वर्षं राबलेल्या या बाईने सगळ्यात थोरलं झाड हातगाडीवर घालून घरी आणलं. घरामागच्या काचघराच्या दारातून आत जाईना, म्हणून छाटलं. झाड जे रुसलं, ते अकरा वर्षं फुललं नाही. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात मात्र त्याला सत्तावीस कळ्या धरल्या. बाई तेव्हा चौऱ्याहत्तरच्या, हृदय दुबळं. "ही पांढरी फुलं एकदा बघू दे, मग खुशाल जाईन," म्हणायच्या.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी सकाळी पाऊस होता आणि संध्याकाळी पारा उणे अठरावर. काचघराची गरम पाण्याची नळी फुटली. नव्या वर्षाच्या सकाळी बाई आमच्या दारात हजर.

"एल्के, तुमची झोपायची खोली किती गार असते गं?"

"खिडकीला आतून बर्फ धरतो. का हो?"

"मग झाड तुमच्याकडे येतंय."

माझा नवरा लोटार म्हणाला, "म्हणजे आता आम्हा दोघांत हे लाकूड झोपणार?"

"तुझ्यापेक्षा कमी घोरेल," बाई म्हणाल्या.

चार माणसांनी कुंडी आत आणली. कुंडीवरची खडूची रेघ बाईंनी बरोबर खिडकीकडे केली. "ही रेघ हलवायची नाही. पाणी मी घालीन. आणि शेगडी पेटवायची नाही. गारठ्यात हे महिनाभर काढील, उबेत तीन दिवसांत कळ्या टाकील."

दुसऱ्या दिवशी लोटारला ताप भरला. तिसऱ्या दिवशी खोकल्याने खाट हलायला लागली. बर्फामुळे डॉक्टर येईना, चिमुकल्या स्वयंपाकघरात खाट मावेना, झाड एकटीला हलेना. लोटारचे ओठ निळसर दिसले आणि मी शेगडीत कोळशाच्या विटा रचल्या. मला दुसरं काही सुचलं नाही.

बाई रोज सकाळी यायच्या. आजारी पुरुषाच्या खोलीत बोलावल्याशिवाय शिरायचं नाही हा त्यांचा रिवाज, त्यामुळे खोलीबाहेरच्या बोळातूनच विचारायच्या, "खोली किती गार आहे?"

"पाच अंश," मी सांगायची. आत पारा वीसवर असायचा. दार पाठीने दाबून धरायची, ऊब बाहेर येऊ नये म्हणून. उभ्या आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"पाणी घालायला येऊ?"

"मीच घातलं. तुम्ही कशाला त्रास घेता?"

सहाव्या दिवशी लोटारचा ताप उतरला आणि तो आतून ओरडला, "बाई, या की आत! मी अजून मेलो नाही!"

मला अडवताही आलं नाही. बाई आत आल्या, आधी लोटारकडे नाही, झाडाकडेही नाही, सरळ शेगडीकडे गेल्या. तिला हात लावला, ती गरम होती. मग एका कळीला बोट लावलं. ती टपकन पडली. दुसरीला लावलं, तीही पडली.

"मी खोटं बोलले," मी म्हणाले. "तीन दिवस."

बाईंनी बोट अॅप्रनला पुसलं. मग लोटारकडे वळल्या. "खोकला?"

"कमी आहे," तो पुटपुटला.

"मग ठीक आहे." त्या गुडघ्यांवर बसल्या आणि गळलेल्या तपकिरी कळ्या एकेक करून पदरासारख्या धरलेल्या अॅप्रनमध्ये गोळा करू लागल्या. मी मदतीला वाकले, तर म्हणाल्या, "तू नको. माझ्या आहेत."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात हिल्ट्रूडबाई गेल्या. झाड तोवर कळ्यांनी भरलं होतं. त्यांनी ते आमच्यासाठी ठेवलं होतं, खडूच्या रेघेसकट. जानेवारीत पुन्हा कडाका पडला, लोटार खोकायला लागला, आणि माझा हात आपसूक काड्यापेटीकडे गेला.

"ठेव ती खाली," तीन स्वेटरांतून लोटार म्हणाला. "माझ्यावर एकदा सत्तावीस कळ्या खर्च झाल्यात."

मी काड्यापेटी ठेवली आणि त्याच्यावर माझीही दुलई घातली.