दोन बाकांची जीप

ज्या माणसाला दोन घटका एका जागी बसलेलं कुणी पाहिलं नाही, तो माझा थोरला भाऊ घरच्या ओटीवर बसल्या जागी गेला. दीड महिना होत आला त्याला. किन्हवलीहून सुटणाऱ्या पहिल्या एस.टी.चा कंडक्टर शहापूरच्या स्टँडवर निरोप सोडून गेला, तिथून ओळखीचा एक भाजीवाला सायकल मारत वाशिंदला आला आणि शाळेच्या दारातच म्हणाला, "मास्तर, दादा गेले तुमचे. निघा." मी विचारलं, "कुठल्या रस्त्यावर?" तो गोंधळला. "रस्त्यावर कशाला? ओटीवर. हातात चा होता." हातात चहा आणि पाय जमिनीला टेकलेले... मला ते खरंच वाटेना. दादा जाईल तो गाडी चालवताना, लांब कुठंतरी, आणि आपल्याला आठ दिवसांनी कळेल, अशी मनाची तयारी मी वीस वर्षं करून ठेवली होती. ती सगळी फुकट गेली. त्या दिवसापासून मलाच एका जागी बसवत नाही. हा लेखही मी चार बैठकांत, मध्येमध्ये उठून अंगणात फेऱ्या मारत लिहिला आहे, तेव्हा त्यात घडी नीट बसली नसेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

दादा लढाईत लष्कराची लॉरी चालवायला आसामकडे गेला आणि लढाई संपल्यावर परत आला तो पायाला भिंगरी लावूनच. लावणीला उतरला तरी अर्ध्या खाचरात उभा राहून सडकेकडे बघत राहायचा. मुरबाडचा कोळसेवाला, कल्याणचा लाकडाचा ठेकेदार, जिथं लॉरी तिथं दादा. जाताना सांगायची पद्धत नव्हती. वहिनी पहाटे उठायची, खुंटीवर खाकी सदरा दिसला नाही की समजायची. मग महिना, दोन महिने, एकदा तर पाच महिने पत्ता नाही. आई देवाशी भांडायची, वहिनी कुणाशीच भांडायची नाही. पण तो असाच एकदा परत आला आणि दोन वर्षांची सुलू बापाला बघून किंचाळत वहिनीच्या पदरात शिरली, तेव्हा वहिनी माझ्याजवळ आली. "भावजी," ती म्हणाली, "ह्यो माणूस एक दिस जाईल तो माघारी यायाचाच नाय. मला दुसरं कसलं भ्या नाय. तेवढंच हाय." मी शिकलेला, चार पुस्तकं वाचलेला. त्यातलंच काहीतरी सांगून मी तिला धीर दिला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दादा जीप घेऊन आला. लष्करानं मोडीत काढलेली, कल्याणच्या एका भंगारवाल्याच्या आवारात कोंबड्यांनी घर केलेली. स्टिअरिंग डावीकडं, टपाचा पत्ता नाही, मागं नुसता उघडा पत्रा. पण चारी चाकं ओढायची. चारी चाकांना जोर देणारा दुसरा दांडा खाली टाकून दादानं ती आमच्या खळ्याच्या मागच्या बांधावरून सरळ वर चढवली, तेव्हा जमलेल्या माणसांनी डोक्यावरच्या टोप्या सावरल्या. वहिनी ओटीवरून उतरली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागं डोकावली.

"हिच्यात आमी कुठं बसायाचं?"

"तुमी? ही काय बैलगाडी हाय का गो?"

"मंग ठेवू नका. ठेवायची तर घरातल्या सगळ्यांना जागा करा. जिथं तुमी जाल तिथं आमी येऊ."

दादा हसला. त्याला ती थट्टा वाटली. पण वहिनी रोज सकाळी चहाबरोबर तेच वाक्य पुढं ठेवायची, आणि आठव्या दिवशी दादानं सुताराला बोलावलं. शहापूरकडच्या माणसाला लाकूड म्हटलं की साग. त्यानं मागं दोन लांब सागवानी बाकं केली आणि तळाच्या पत्र्यातून बोल्ट आरपार घालून खालून नटांनी पक्की बसवली. बाकांची झाकणं उघडली की खाली पेट्या. एकीत स्टो, तांदूळ, मीठ-मसाला, चहाचं पातेलं. दुसरीत घोंगड्या आणि पोरांचे कपडे. सळया वाकवून कमानी केल्या, त्यावर ताडपत्री शिवून घेतली. पाण्याचा लष्करी डबा एका बाजूला, पहार, फावडं आणि दोरखंड दुसऱ्या बाजूला. बाकांवरच्या गाद्यांत त्यानं कापूस घालू दिला नाही, भाताचा पेंढा भरला. गाडी रुतली तर पेंढा काढून चाकाखाली घालायचा, असा त्याचा हिशोब. हिशोब बरोबर होता. पहिल्याच फेरीत काळू नदीच्या वाळूत गाडी बसली आणि सगळ्या गाद्या चाकांखाली गेल्या. जीप निघाली, पण घरी येईपर्यंत आम्ही नुसत्या फळीवर आदळत आलो. दुसऱ्या फेरीत मुक्काम केला त्या खळ्यावरच्या बैलांनी ताडपत्रीत तोंड घालून एक गादी सगळी खाल्ली. "तरी मी म्हणत व्हते कापूस घाला," वहिनी म्हणाली. "कापूस घातला असता तर बैल मेला असता," दादा म्हणाला, आणि तो वाद तिथंच मिटला.

आई मागं आडवी बसायला तयार नव्हती. तिला पुढं, दादाच्या उजव्या हाताला बसवलं. स्टिअरिंग डावीकडं, त्यामुळं पुढचा गाडा ओलांडायचा तर समोरून काही येतंय का हे दादाला दिसायचं नाही, ते आईनं बघून सांगायचं. आईनं हे काम मनावर घेतलं, पण तिच्या पद्धतीनं. रस्ता मोकळा असूनही ती सांगायची, "थांब." का? तर पुढचा गाडा सुलूच्या मामाच्या सासऱ्याचा. "व्याह्याच्या म्होरं कसा रे जाशील? काय म्हणतील ते?" मग चारी चाकं ओढणारी ती लढाईतली जीप एका बैलगाडीच्या मागं मैल मैल चालायची आणि दादा दोन्ही हातांनी स्टिअरिंगवर ताल धरायचा. मला त्याची दया यायची आणि हसूही यायचं.

भातं झोडून झाली की मेघ दाटेपर्यंत आमच्या फेऱ्या चालायच्या. सुट्टी असली की मीही वाशिंदहून येऊन बाकाच्या कोपऱ्यात बसायचो. डोळखांबच्या पुढं, टोकावड्याच्या मागं, जिथं गाडीवाट संपून पायवाट लागते तिथून दादाला खरी मजा यायची. सुकलेल्या ओढ्यांतून, खाचरांच्या बांधांवरून, करवंदीच्या जाळ्या खरवडत आम्ही सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्यांत जायचो. तिथली माणसं आधी लपायची, मग ताडपत्रीतून आईचं डोकं बाहेर आलं की हसत पुढं यायची. त्या बाया आणि वहिनी यांची बोली वेगळी, पण स्टो पेटवला की गप्पा जमायच्या. असा मुक्काम झाला की दादा पुढचे दहा-बारा दिवस घरात माणसासारखा वागायचा. मग पुन्हा त्याचे पाय हलायला लागायचे, जेवतानासुद्धा. मी एकदा त्याला पायथ्याशी पाहिला. सगळे जेवत होते आणि तो उभ्यानं भाकरी खात वरच्या कड्याकडं बघत होता, जिथं जीप जाणं शक्यच नव्हतं. घराला जागा दिली होती त्यानं, पण तो स्वतः त्यात मावत नव्हता. मला त्याचा राग यायचा. खरं सांगायचं तर अजून येतो.

अशी सहा-सात वर्षं गेली. मग आसामकडे रस्त्यांच्या मोजणीचं काम घेतलेला एक ठेकेदार कल्याणला आला आणि कुणीतरी त्याच्या कानावर दादाचं नाव घातलं. लढाईत तो मुलूख पाहिलेला ड्रायव्हर, वर स्वतःची जीप. दोन वर्षांचं काम. अट एकच, तंबू आणि मोजणीची यंत्रं ठेवायला गाडी मागून मोकळी करून आणायची. दादा दोन दिवस कल्याणला राहून सगळं ठरवून आला आणि घरी जायच्या आधी मला भेटायला शाळेत आला. असा खुललेला चेहरा मी त्याचा लढाईवरून आल्यावरसुद्धा पाहिला नव्हता. "सोमवारी निघायाचं. बाकं तेवढी उतरवतो," तो म्हणाला. मी त्याला शाळेमागच्या चिंचेखाली नेलं आणि तासभर बोललो. वहिनी, पोरं, म्हातारी आई, कर्तव्य... मास्तरकीत शिकलेलं सगळं त्याच्यावर उपसलं. तो खाली बघून ऐकत होता. शेवटी "बरं" म्हणाला आणि गेला.

सोमवारी तो गेला नाही. मंगळवारीही नाही. आठवड्यानं मी किन्हवलीला गेलो तर दादा खळ्यात जीपचं ग्रीस बदलत होता. "काय झालं?" "काय नाय. गाडी आता लांबच्या कामाची राहिली नाय," एवढंच म्हणाला. बाकं जागेवर होती. त्यानंतर तो कधीच कुठं गेला नाही. भाताची गिरणी टाकली, दिवसभर किन्हवलीत इकडून तिकडं फिरत राहायचा, सणासुदीला सगळ्यांना जीपमध्ये घालून डोंगराकडं न्यायचा. आई चार वर्षांपूर्वी गेली तोवर तिची पुढची जागा सुटली नाही. आणि मी नऊ वर्षं मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. चिंचेखालच्या त्या भाषणानं एक घर वाचवलं, असं मी बायकोलाही दोनतीनदा ऐकवलं आहे.

दादाचं दिवसकार्य उरकल्यावर वहिनीनं मला निरोप पाठवला, राघो लोहाराला घेऊन या, जीप मोकळी करायची आहे. मला वाटलं, विकायची असेल. राघो हत्यारं घेऊन गाडीखाली सरकला आणि लगेच बाहेर आला. "वयनी, हे बोल्ट पान्यानं सुटायाचे नायत. नटाखालची टोकं ठोकून चपटी केलेली हायत. मीच नाय का ठोकलेली?" मी वहिनीकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

"तुमचे दादा कल्याणला गेलेले ना दोन दिस," ती म्हणाली, "तवा गाडी इथंच व्हती. गाडी मोकळी पायजेल ही ठेकेदाराची अट त्याच्या माणसाकडून मी आदीच ऐकलेली, म्हणून ह्यालाच बोलावला. नट ढिले होतात, पोरं पडतील असं सांगितलं. ह्याच्याकडून खालून सगळी टोकं ठोकून घेतली. बाकं निघाली नायत तर गाडी मोकळी व्हणार नाय, गाडी मोकळी झाली नाय तर हे जाणार नायत. गेले नायत. पण मंग नऊ वर्सं, भावजी... ते खाटेवर पाय हलवत पडायचे आन मला वाटायचं, मी कोंडून ठेवलाय माणूस. कवा त्यांच्या डोळ्याला डोळा नाय दिला. आता तरी सोडवा ती बाकं. त्यांना पाहिजे व्हती तशी करा गाडी."

तर माझं भाषण नव्हतं. लोहाराचा हातोडा होता. मी काही बोलायच्या आत राघो पुन्हा खाली गेला होता. तो मागच्या टोकापर्यंत सरकत गेला. मग म्हणाला, "मास्तर, इकडं या." मी धोतर सावरत मातीत आडवा झालो. डाव्या बाकाचा मागच्या टोकाचा बोल्ट. नटाच्या वर, पत्र्यालगत, लोखंड कापायच्या करवतीचा सरळ काप गेलेला. अर्ध्यापर्यंत. तिथंच थांबलेला. राघोनं त्यात नख घातलं. "जुना हाय. आत गंज धरलाय." बाकी सगळे बोल्ट मी एकेक करून चाचपले. दुसऱ्या कशालाही हात लागलेला नव्हता.

मी वहिनीला सांगितलं. तिला ते खरं वाटेना. पन्नाशीला आलेली बाई, लुगड्याचा ओचा खोचून आमच्याशेजारी गाडीखाली सरकली आणि तिनं स्वतः त्या खाचेतून बोट फिरवलं. एकदा, दोनदा.

"राघो, सगळे कापायला किती येळ लागतो रे?"

"दादांच्या हाताला? तासभर बी नाय, वयनी."

ती बाहेर आली. केसात माती, कपाळावर ग्रीस. मला वाटलं आता ही रडेल, पण ती रागावलेली होती. असा राग मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, दादा पाच महिने नाहीसा झाला तेव्हासुद्धा नाही. ती मागून जीपमध्ये चढली, आपल्या बाकावर बसली, आणि स्टिअरिंगमागच्या रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली, "आपल्या मनानं थांबलो, येवढं एकदा तोंडानं सांगितलं असतं, तर मीच काढून दिली नसती का तुमाला ही बाकं?"