चंदूच्या जीपची हवा

मनोरीच्या चंदू कोळ्याकडे लष्कराच्या लिलावातली जुनी पेट्रोल जीप होती. गाव होडीवर जगायचं, चंदू जीपवर. ओहोटीला तो जीप थेट पुळणीवर उतरवायचा, मासळीच्या टोपल्या भरायचा आणि उत्तनवरून भाईंदरला पोचवायचा. मऊ वाळूत चाकं रुतू नयेत म्हणून चारही टायरांची हवा निम्मी करावी लागायची. डांबरी रस्ता लागला की ती परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटणार. भरायला होता पायाने दाबायचा पंप. एकेका टायरला दोनशे वेळा पाय मारायचा.

१९८४ साली, नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा समुद्रात गेल्या त्याच आठवड्यात, तिसऱ्या टायरला पाय मारताना चंदूच्या छातीत कळ आली. मालाडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "गाडी चालवा, पण तो पंप बंद."

"पंप बंद म्हणजे जीप बंद," चंदू घरी येऊन म्हणाला.

त्याची बायको मंजुळा टोपली विणत होती. ती म्हणाली, "पाय मारणं बंद, असं म्हणाला तो. हवा दुसरीकडून आण ना!"

भाईंदरच्या पेट्रोल पंपावर कुणीतरी मुलुंडच्या एका वर्कशॉपचा पत्ता दिला. तिथे हवेचे कॉम्प्रेसर दुरुस्त करून विकायचे. चंदू गेला, एका छोट्या मशीनवर हात ठेवून म्हणाला, "हेच द्या."

फिटर जयवंत सावंत मूळचा मालवणचा. त्याने चंदूला सगळं विचारलं, छातीचंसुद्धा, आणि मान हलवली. "ह्यां मशीन तू घेव नको. साठ किलोचा आसा. रोज उचलूक कोण येतलो? आणि टोपले खंय ठेवतलंस?"

चंदूचं तोंड उतरलं. ते बघून जयवंत म्हणाला, "रविवारी मी येतंय. वाळूतच बघूया."

आणि तो खरोखर आला. मार्व्याहून होडीने, खांद्यावर गोणपाटाची पिशवी घेऊन. त्याच्या सांगण्यावरून चंदूने भाईंदरच्या गॅरेजमधून ट्रकची एक हवेची टाकी भरून आणलीच होती.

आधी पिशवीतून निघाला दुबईहून आलेला बॅटरीवरचा पंप. चकाचक, वहीएवढा. एक टायर भरायला त्याला पंचवीस मिनिटं लागली. शेवटी तो इतका तापला की हात लाववेना, आणि जीपची म्हातारी बॅटरीही धापा टाकायला लागली.

मग पुन्हा हवा सोडून टाकी लावली. फुस्स करून टायर भरला. दुसरा, तिसरा. चंदू खूश. "झकास! हीच ठेवू."

चौथा टायर मात्र अर्ध्यावर राहिला.

"दोन टाक्यो ठेवलंस तर टोपले कमी," जयवंत म्हणाला. "आणि जुनी टाकी आतून गंजली की नाय, तां भायरसून दिसना नाय. ती फुटली तर?"

शेवटी त्याने रुमालातून वीतभर लांबीचा पितळी पंप काढला. कुर्ल्याच्या भंगारात मिळालेला, घरी बसून साफ केलेला. इंजिनाचा एक प्लग काढायचा, त्या जागी हा पंप आवळायचा आणि नळी टायरला लावायची. तीन सिलिंडरांवर इंजिन चालतं, चौथ्याच्या जोरावर पंप बाहेरची हवा ओढून टायरात भरतो. वजन काहीच नाही, आणि हवा कधी संपत नाही.

"सरक, मला करू दे," मंजुळा चंदूला म्हणाली. "हा दमला तर मलाच करायचंय ना, जयवंतभाऊ?"

तिने फडक्याने गरम प्लग धरून काढला, पंप बसवला. इंजिन सुरू करून नळीच्या टोकाला नाक लावून बघितलं. पेट्रोलचा वास नव्हता. नळी टायरला लावली, इंजिन अडखळत फटफटत राहिलं आणि चार-पाच मिनिटांत टायर भरला. मंजुळा हसली. "हाच."

जानेवारीत एका दुपारी, चंदू भाईंदरची खेप टाकून परतला होता, तेव्हा पुळणीच्या पार टोकाला बोंबील वाळवताना कृष्णाबाई घसरून पडली. सत्तरीची बाई, मांडीचं हाड मोडलेलं. तिथे जायला नुसती वाळू. चंदूने पुन्हा हवा सोडली, जीप तिच्यापर्यंत नेली, चौघांनी तिला फळीवरून उचलून आत ठेवलं. डांबरावर आल्यावर मंजुळाने एकामागून एक चारही टायर भरले. आत कृष्णाबाई कण्हत होती. मंजुळा तिला सांगत होती, "आता तिसरा गं मावशी, आता शेवटचा."

ती वेळेवर इस्पितळात पोचली आणि हाड जुळलं. शिमग्याला कृष्णाबाई काठी टेकत चंदूच्या दारात आली आणि मंजुळाचे हात धरून बसली.

"माझे नको धरू," मंजुळा म्हणाली. "ते हात मुलुंडला आहेत."

पुढच्या रविवारी नवराबायको जयवंतच्या चाळीत गेले. त्याची बायको विमला दारात उभी राहिली, तिला हे कोण ते ठाऊकच नव्हतं. घरी त्याने काही सांगितलं नव्हतं. चंदूने कृष्णाबाईची हकीकत सांगितली. जयवंत खाली मान घालून ऐकत राहिला.

"दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलो होतो," चंदू म्हणाला. "तुम्ही मला काही विकलं नाहीत, पंपही तसाच दिलात. वर रविवार घालवलात. कोण करतं?"

विमलाने त्यांनी आणलेली पापलेटांची पिशवी मंजुळाच्या हातातून घेतली आणि म्हणाली, "जेवल्याबिगर जाऊचा नाय हां." मंजुळा पदर खोचून तिच्याबरोबर मासे साफ करायला बसली.