बाईंच्या मशीनचं मिनिट

बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. ज्या माणसाने शिकवलं त्याच्याबद्दल असं बोलतात का, असं नंतर कोणी विचारायला नको. बोलतात. मी बोलते.

बाई टायपिंगचा क्लास चालवायच्या. चपलांच्या दुकानावरची एक खोली, त्यात सहा खडखडणारे टाइपरायटर आणि दाराशी एक ताटली. आत येताना मनगटावरचं घड्याळ काढून त्या ताटलीत ठेवायचं, हा बाईंचा नियम. "घड्याळाकडे बघणारीचा हात थांबतो," म्हणायच्या. भिंतीवरचं घड्याळसुद्धा आमच्या पाठीमागे टांगलेलं. हातात लाकडी पट्टी. मान खाली गेली की पट्टी टेबलावर आपटायची, "बोटांकडे काय बघतेस? पळून जाणारेत का ती?"

परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायला लागली, तेव्हा बाईंच्या परदेशातल्या भावाने स्वतःचा जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. तिकडे कोणी फुकटसुद्धा नेला नसता. पण इकडे आल्यावर त्याला झालर लावलेलं कापडी झाकण शिवलं गेलं. तिकडची वीज आपल्या निम्म्या दाबाची, त्यामुळे भावाने बरोबर ट्रान्सफॉर्मरचं एक जड खोकंही दिलं होतं. ते टेबलाखाली दिवसभर गुरगुरत बसायचं. त्या मशीनचं घड्याळ कायम मागे पडायचं. बाई रोज सकाळी ते पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "म्हातारं झालंय, दम लागतो बिचाऱ्याला." आम्ही हसायचो. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडात मारून घ्यावंसं वाटतं.

त्या मशीनवर दर शनिवारी स्पीडची चाचणी. मिनिटाला चाळीस शब्द आले की परीक्षा पास. माझे चव्वेचाळीस यायचे. आमच्या सगळ्यांच्या शेवटी बाई स्वतः बसायच्या. त्यांचे सत्तर! तरुणपणीच्या सर्टिफिकेटवर जो आकडा, तोच. ते सर्टिफिकेट भिंतीवर चौकटीत होतं. बाई बोटं मोडत विचारायच्या, "काय गं, म्हातारी दिसते का मी?" कोणाची टाप होती हो म्हणायची!

आणि परीक्षेत माझे आले सदतीस. नापास. सहा महिन्यांनी पुन्हा बसले, पुन्हा सदतीस.

बाईंनी सगळ्या बॅचसमोर निकाल लावला, "हात चांगलाय, काळीज सशाचं. परीक्षा दिसली की गळपटते." एवढ्यावर थांबल्या असत्या तरी मी गिळलं असतं. पण त्या आमच्या घरी आल्या, आणि हेच आईला सांगून गेल्या. आई मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने घबराटीवर गोळ्या दिल्या. रोज रात्री जेवण झालं की आई हातावर गोळी ठेवायची आणि गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. सकाळी डोकं जड, बोटं भिजलेल्या कापसासारखी. भाऊ चिडवायचा, "ताई, जिन्यात पाल आहे, जाशील ना एकटी?" अहो, मी घाबरत नव्हते! परीक्षेत मला घामसुद्धा फुटला नव्हता. पण ऐकतंय कोण? माझ्या वयाच्या अटीत आता एकच परीक्षा उरली होती. ती गेली की सरकारी टायपिस्टची नोकरी कायमची गेली. क्लासमधली चष्मेवाली तर दुसऱ्यांदा नापास झाल्यावर यायचीच बंद झाली. ती माझ्यापेक्षा चांगली होती.

परीक्षेला महिना राहिला असताना टेबलाखालचं खोकं धूर सोडून गप्प झालं. रिपेअरवाला म्हणाला, "हे उचला आता. मशीनमध्येच आपल्या विजेवर चालणारा नवा सप्लाय बसवून देतो." तो येईपर्यंत चाचणी टाइपरायटरवर घ्यायची ठरली. बाई पाठीमागच्या भिंतीवरचं घड्याळ बघून "सुरू" आणि "बस" म्हणाल्या.

माझे सदतीस आले. सगळ्यांचेच घसरले.

बाईंनी पट्टी आपटली. "मशीन बंद पडलं तर लगेच आळस चढला? लाज वाटत नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, परीक्षेतही सदतीसच होते. दोन्ही वेळा. आज कुठली परीक्षा आहे? आज मी कोणाला घाबरले?"

"टाइपरायटरच्या कळा जड असतात. मशीन खोटं बोलत नाही. तू मला शिकवू नकोस."

तेवढ्यात रिपेअरवाला सप्लाय घेऊन आला. बाईंनी तो लगेच बसवून घेतला आणि त्याच्यासमोरच मला मशीनवर बसवलं. माझे पुन्हा चव्वेचाळीस! "बघ," बाई म्हणाल्या, "आता बोल."

मी उठले, खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ खिळ्यावरून उतरवलं आणि मशीनला टेकवून ठेवलं. "आता मोजा मिनिट. सगळ्यांसमोर मोजा."

घड्याळाचा सेकंदकाटा फेरी मारून वर आला. मशीनचं मिनिट संपेना. काटा पुढे निघाला, दोनवर गेला, तीनकडे वळला, तेव्हा कुठे मशीनने टुंग केलं.

रिपेअरवाल्याने डोकं खाजवलं. "अच्छा, हे मशीन विजेचे ठोके मोजतं वाटतं. तिकडची वीज सेकंदाला साठ ठोके देते, आपली पन्नास. हे साठ मोजल्याशिवाय सेकंद धरत नाही. खोक्याने दाब बदलला, ठोके कसे बदलणार? या सप्लायमध्ये पन्नास ठोके द्यायचे की साठ, त्याची पिन आहे. मी आपली इकडची म्हणून पन्नासवर लावली. साठवर सरकवू?"

बाई म्हणाल्या, "सरकवा."

मग स्वतः बसल्या. शनिवार नव्हता, तरी बसल्या. पाठ ताठ, मान वर, बोटं धडाधड. टुंग झालं.

अठ्ठावन्न.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. बरं झालं, असं मनात ओरडून झालं माझं. बाई बराच वेळ बोटांकडे बघत राहिल्या. आम्हाला एवढी वर्षं जे करू दिलं नाही, तेच.

रिपेअरवाला अवजारं आवरताना हळूच म्हणाला, "बाई, हवी तर पिन परत पन्नासवर करतो. काही बिघडत नाही."

"काही बिघडत नाही?" बाई कडाडल्या. "खरा आकडा दिसला असता तर यांनी सराव केला असता! चाळीसच्या वर आहोत म्हणून स्वस्थ बसल्या या पोरी. आणि मी बसवलं. राहू दे ती साठवर!"

मला वाटलं, आता माझ्याकडे वळून काहीतरी बोलतील. छे. ताटलीतली घड्याळं प्रत्येकीच्या हातात कोंबली आणि क्लास सोडून दिला.

पुढच्या परीक्षेत मी काठावर पास झाले, पण ते नंतरचं. त्याच संध्याकाळी आमची बेल वाजली. आईने दार उघडलं. बाहेर बाई, तीन जिने चढून धापा टाकत. आत आल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्या गोळ्या बंद करा," आईला म्हणाल्या. "पोरगी घाबरट नाही. चूक माझ्या मशीनची होती, आणि मी तुमच्या घरी येऊन नको ते बोलून गेले."

आई गोंधळली. "अहो, आत तरी या. पाणी घ्या."

"नको. नापास झालेल्या अजून चौघींची घरं राहिलीत."

बाई कठडा धरून जिना उतरू लागल्या. माझा राग तसाच होता. माझ्याशी एक शब्द बोलायला काय झालं होतं? मी चपला घातल्या.

"थांबा," वरून ओरडले. "चष्मेवालीचं घर तुम्हाला सापडणार नाही."