वाळलेली भाकर आणि सौंसरची फ्लॉपी

सुमनताई गेली.

आणि मला सकाळपासून एक वाळलेली भाकर आठवते आहे. हसू नका, सांगतो.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या संत्रा सोसायटीनं दोन कॉम्प्युटर घेतले. सौंसरच्या कॉम्प्युटरवर ताई, पांढुर्ण्याच्या कॉम्प्युटरवर मी. संत्र्याच्या रवानगीच्या चिठ्ठ्या छापायच्या, एवढंच काम.

प्रोग्राम ताई लिहायची. नागपूरची चांगली नोकरी सोडून ती घरी परतली होती, कारण तिचे बाबा अंथरुणाला खिळले होते. सौंसरचं काम गेलं असतं तर त्यांना सोडून पुन्हा नागपूर गाठावं लागलं असतं.

प्रोग्रामचे तुकडे बरेच. कोणते घ्यायचे, कसे जोडायचे, हे सांगणारी एक प्रोजेक्ट फाइल लागायची. मशीनवर कोणते तुकडे आहेत ते बघून ती आपोआप बनवणारं टूल ताईनं स्वतः लिहिलं होतं. त्या टूलवर तिचा भारी जीव.

सौंसरला सगळं झकास.

तीच फाइल फ्लॉपीवरून माझ्याकडे आली की घोळ सुरू.

सौंसरचा माल ट्रकनं जायचा, आमचा रेल्वेनं. रेल्वेचा तुकडा फक्त माझ्या मशीनवर. फाइल बनायची सौंसरला, तिला रेल्वे कुठून माहीत असणार? त्यामुळे पांढुर्ण्यात जोडून तयार केलेला प्रोग्रामही ट्रकच्याच चिठ्ठ्या छापायचा.

मग मी ती फाइल हातानं दुरुस्त करायचो. पुढच्या आठवड्यात नवी फ्लॉपी, नवी फाइल, आणि माझी दुरुस्ती साफ.

"ताई, दर हप्त्याले मी हेच करून राहिलो."

"मग करत राय न राजा. टूल बरोबर हाय माहं."

ती हट्टी होती. मीही काही कमी नव्हतो.

एकदा मी मोहगावला चुलतभावाच्या लग्नाला गेलो. ऑफिसच्या क्लार्कनं उत्साहात नवी फ्लॉपी तशीच चढवली. ट्रकच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा स्टेशनवर पोचला. पार्सलबाबूनं तो परत केला, आणि ते बरोबरच होतं. गाडी निघून गेली. संत्री फलाटावर.

सोसायटीचे सेक्रेटरी फार चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "आणखी एक बार असं झालं, तर हे दोन्ही कॉम्प्युटरचे डब्बे नागपूरले वापस."

मी ताईला फोन लावला. नेहमी माझ्यावर डाफरणारी ताई एकदम बारीक आवाजात म्हणाली, "बाबाले काय सांगू रे मी?"



आता भाकरीचं. मी पांढुर्ण्यात एकटा खोली घेऊन राहायचो. म्हणून ताईची आई फ्लॉपीसोबत माझ्यासाठी ज्वारीची भाकर पाठवायची, स्टीलच्या डब्यात, सकाळच्या बसच्या कंडक्टरच्या हाती. माया खूप. पण माझ्या ताटात येईपर्यंत ती भाकर कडक झालेली असायची.

त्या आठवड्यात ताईचा फोन आला. "फ्लॉपी पोचली?"

"पोचली. भाकरही पोचली. ताई, काकूले सांगा, बनवून नका धाडू. इथं येईपर्यंत वाळते. पीठ धाडा न, मी माह्याच तव्यावर थापतो."

ताईनं मला तिथंच अडवलं.

"पुन्हा सांग."

"काय? पीठ धाडा म्हटलं…"

"अरे बापा," ताई म्हणाली. "मी तुले फ्लॉपीवर बी भाकरच धाडून राहिली."

पुढच्या बसनं खरंच पीठ आलं. आणि फ्लॉपीवर प्रोजेक्ट फाइल नव्हतीच. होतं ताईचं टूल.

मी ते पांढुर्ण्यातच चालवलं. त्यानं माझं मशीन चाचपलं, रेल्वेचा तुकडा शोधला, फाइल इथल्या इथं बनवली. पहिली चिठ्ठी बाहेर आली, रेल्वेची. लगेच फोन लावला.

"ताई, पीठ पोचलं."

ती हसली की रडली, नीट कळलं नाही. मग म्हणाली, "भाकर जमली काय?"

"कॉम्प्युटरची जमली. ज्वारीची जळली."

कॉम्प्युटर राहिले. ताई सौंसरला राहिली. तिचे बाबा शेवटपर्यंत आपल्या घरात, तिच्या हातचं खाऊन राहिले.

पुढे तिनं घरीच क्लास काढला. बोरगाव, मोहगावची पोरं-पोरी सायकलनं यायची.

आज सौंसरला तिच्या घरी बुद्धवंदना झाली. मी चपला शोधत होतो, तर एक मुलगी जवळ आली. बोरगावची, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

"तुम्ही पांढुर्ण्याचे भाकरवाले काका काय?"

ताई दर बॅचला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायची म्हणे.

"आमाले मॅडमनं तयार प्रोग्राम कधीच उतरवू दिला नाही, काका. मी बी तसंच करतो. सुट्टीत येतो तवा गावातल्या पोरींले शिकवून राहिली मी."

आपल्याकडे मुलीही 'करतो', 'येतो' असंच म्हणतात; पुण्यात राहूनही ती तशीच बोलते, ऐकून बरं वाटलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघालो.

जय भीम, ताई.

पीठ पोचलं.