दामोदरपंतांचे मत

दामोदरपंतांना एकच मुलगी होती, वत्सला. तिचे लग्न विश्वासरावांशी करावे की नाही, हे त्यांनी मला विचारून ठरवले. ते माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो, मला मुलगी नव्हती आणि लग्नाच्या बाबतीत मी तोवर कोणालाही सल्ला दिलेला नव्हता. तरी त्यांनी मलाच विचारले, कारण खात्याच्या परीक्षेत मी पास झालो होतो आणि ते नापास. हे कसे घडले ते क्रमाने लिहितो. पुढच्या वर्षी मी पेन्शन घेईन. त्याआधी हे कागदावर यायला हवे.

आमची कचेरी बडोदे संस्थानातली, जुन्या कागदांची. इनामे, वतने, सनदा यांचे मोडीतले कागद फडक्यांत बांधून फळ्यांवर रचलेले असत. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणत. कोणाचा जमिनीचा तंटा आला की रुमाल सोडायचा, कागद काढायचा आणि तो खरा की खोटा ते वरच्या साहेबांना लिहून कळवायचे. लिहून कळवण्याचे काम कोणीही करी. खरे-खोटे सांगणारे एकटे दामोदरपंत होते.

एकदा पादरा गावाकडचा एक पटेल सनद घेऊन आला. कागद जुना, शिक्का स्वच्छ, भाषा बिनचूक. दामोदरपंतांनी ती सनद खिडकीशी नेली आणि परत आणून दिली. "पटेल, हे घरी ठेवा. कोर्टात नेऊ नका."

"केम, दामुभाई? का नको?"

"घडी आधी पडली आहे, शाई नंतर. घडीवर अक्षर फुटलं आहे बघा. तुमच्या आजोबांनी काय घडी घातलेल्या कागदावर सनद लिहून घेतली?"

पटेल हसला आणि कागद खिशात घालून गेला. असे मी निदान वीस वेळा पाहिले आहे.

त्यांचे वडीलही याच कचेरीत होते. शिरस्तेदाराची जागा त्यांना मिळायची, ती एका नातलगाला मिळाली. त्याचा गुण एवढाच की तो जुन्या मुख्यांबरोबर रोज संध्याकाळी सोंगट्या खेळायला बसे. वडील ते दुःख घेऊन गेले. म्हणून १९१२ साली शिरस्तेदाराची जागा यापुढे परीक्षेने भरायची असे ठरले, तेव्हा सगळ्या कचेरीत दामोदरपंतांइतका आनंद कोणाला झाला नाही. रावपुऱ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसवून ते प्रत्येक उमेदवाराला शिकवू लागले. आपणही परीक्षेला बसणार आहोत आणि हे सगळे आपले प्रतिस्पर्धी आहेत, हे त्यांच्या मनातच येत नसे.

त्या उमेदवारांत मी होतो. मुंबईच्या एका कॉमर्स क्लासात दोन वर्षे काढून मी बडोद्याला नोकरीला आलो होतो. इंग्रजी पत्रव्यवहार, कागदांची क्रमवारी, कलमे, नियम हे सगळे मला येत होते. मोडी येत नव्हती. ती मला दामोदरपंतांनी सहा महिने रोज संध्याकाळी शिकवली. वत्सला तेव्हा बारा वर्षांची. मी अडखळू लागलो की ती आतून ओरडे, "बाबा, रघुनाथकाकांची ओळ संपली की सांगा. तोवर मी दोन भाकऱ्या भाजून घेते."

"गप्प बस ग," दामोदरपंत म्हणत, आणि मला म्हणत, "अरे, मनावर घेऊ नकोस. ती मलाही असंच बोलते."

परीक्षेच्या दिवशी नियमांच्या पेपरात सहा प्रश्न होते. तिसरा प्रश्न होता: बनावट दस्तऐवज कसा ओळखावा? मी दोन कलमांचे आकडे लिहिले, चार ओळींत सारांश लिहिला आणि चौथ्या प्रश्नाकडे वळलो. दामोदरपंतांनी त्या प्रश्नावर अकरा पाने लिहिली. कागद, शाई, घड्या, वाळवीची छिद्रे, कारकुनांच्या सवयी, सगळे. घंटा झाली तेव्हा चौथा, पाचवा आणि सहावा प्रश्न कोरा होता. पुढे परीक्षकांनी मला स्वतः सांगितले की त्या अकरा पानांइतके ज्ञान त्यांना कोणत्या पुस्तकात सापडले नाही, पण त्या प्रश्नाला गुणच वीस होते. त्यांनी वीसपैकी वीस दिले. पहिल्या दोन प्रश्नांचे गुण धरूनही बेरीज चाळीसच्या आत राहिली, आणि पास व्हायला चाळीस लागत. वयाच्या अटीने ती त्यांची शेवटची संधी होती.

निकाल फळ्यावर लागला त्या सकाळी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "अभिनंदन, रावसाहेब," म्हणाले.

"अहो, मला रावसाहेब काय म्हणता?"

"मग काय म्हणू? रीत आहे ती."

त्या दिवसानंतर त्यांनी मला अरे-तुरे केले नाही.

त्यांच्या ओट्यावर गणपतराव म्हणून एक म्हातारे गृहस्थ येऊन बसत. एका सरदारांच्या कारभारावरून निवृत्त झालेले, जिभेने तिखट. निकालानंतरच्या रविवारी ते दामोदरपंतांना म्हणाले, "काय पंत, मिळाली तुमची परीक्षा? आता बसा हात चोळत."

"मिळाली. योग्य माणसाला जागा मिळाली. माझ्या वडिलांच्या वेळेसारखा अन्याय तर झाला नाही?"

"तुमचे वडील सुखी होते हो. त्यांना माहीत होतं की सोंगट्यावाला गाढव आहे. घरी येऊन त्याला शिव्या देत आणि भात खाऊन झोपत. तुम्ही कोणाला शिव्या देणार?"

"कोणाला नाही. मी कमी पडलो."

"बघा. वशिल्यानं चढलेला स्वतःला शहाणा समजत नव्हता, आणि राहिलेला स्वतःला मूर्ख समजत नव्हता. तुमच्या परीक्षेनं दोन्ही केलं." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही रागावू नका हं, रावसाहेब. तुम्ही शहाणे असालही."

मी हसलो. दामोदरपंत हसले नाहीत. "गणपतराव, राज्य चालवायचं ते जाणत्यांनीच," म्हणाले. "कोण जाणता हे ठरवायला काहीतरी माप हवंच ना? माप आलं, आम्ही मोजले गेलो. आता माप खोटं म्हणणं बरं नाही."

मला ते तेव्हा मोठ्या मनाचे बोलणे वाटले होते.

पुढच्या तीन वर्षांत मी पाहिले की ते माप त्यांनी घरीही नेले आहे. कचेरीत कागद हातात घेऊन ते माझ्याकडे येत. "मला खोटा वाटतो. आपल्याला काय वाटतं?" मला काही वाटत नसे, मी विचारी, "पुरावा काय धरायचा?" ते घड्या दाखवत, मी लिहून घेई. हळूहळू इतर गोष्टीही येऊ लागल्या. अहल्याबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वैद्याचे औषध द्यावे की डॉक्टरचे? दुसऱ्या घरात राहायला जावे का? मी उत्तरे देत असे. विचारले जाणे कोणाला आवडत नाही?

१९१५ साली वत्सला पंधरा वर्षांची झाली आणि दांडिया बाजारातल्या विश्वासरावांचे स्थळ आले. मुलगा बी. ए., पहिल्या वर्गात. खात्याची परीक्षा पहिल्या फटक्यात पास, तीही माझ्यापेक्षा अधिक गुणांनी. अमरेलीला नेमणूक झालेली. दामोदरपंत आणि अहल्याबाई त्यांच्याकडे जेवायला जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी दामोदरपंत कचेरीत माझ्यासमोर बसले.

"रावसाहेब, मुलगा उत्तम आहे. पण मला बरं वाटलं नाही."

"का?"

"जेवताना मुलाच्याच हातून आमटीची वाटी कलंडली. काही नाही, पाटावर सांडली थोडी. पण त्याची बहीण वाढत होती, ती पळी हातात घेऊन जागच्या जागी उभी राहिली. आई दारात होती, तिच्या तोंडावरचा रंग गेला. सगळं घर थांबलं. मग मुलगा हसला, आणि मग घर हललं."

"मुलगा काही बोलला का?"

"नाही. हसला."

"मग यात त्याचा दोष काय? पाहुण्यांपुढे सांडलं म्हणून बायका घाबरल्या असतील. पंत, असा मुलगा राज्यात दहा मिळायचे नाहीत. एवढ्यावरून नाही म्हणाल तर लोक काय म्हणतील?"

 ते म्हणाले, "आपण म्हणता तेच बरोबर असणार. मला कुठे एवढं कळतं?"

मला स्पष्ट आठवते की मी त्यांना "तुम्हाला कळतं" असे म्हणालो नाही.

१९१६ च्या उन्हाळ्यात लग्न झाले. सयाजीगंजातल्या स्टेशनवर त्यांना पोचवायला मीही गेलो होतो. वत्सला गाडीत बसली आणि खिडकीतून मला म्हणाली, "रघुनाथकाका, आता तुमची मोडी कोण सुधारणार?" ते तिचे माझ्याशी शेवटचे बोलणे.

अमरेलीहून महिन्याला एक पत्र येई. चार पत्रे झाल्यावर दामोदरपंतांनी ती माझ्यापुढे ओळीने मांडली, रुमालातले कागद मांडत तशी.

"अक्षर तिचंच आहे," ते म्हणाले, "पण पत्रं तिची नाहीत. चारी पत्रांत तीच सात वाक्यं. आणि हे बघा, पहिल्यात टाक मध्येमध्ये थांबला आहे, शब्द आठवताना थांबतो तसा नव्हे. ऐकताना थांबतो तसा. कोणीतरी सांगतं आहे आणि ती लिहिते आहे. मी तिला घेऊन येऊ का?"

"सासरी गेलेली मुलगी नेमस्तच लिहिणार, पंत. पहिल्या वर्षातच आणायला गेलात तर नांदणं कायमचं बिघडेल. दिवाळीला येईलच ती."

"दिवाळीला," ते म्हणाले. पत्रांची घडी घालून त्यांनी ती कोटात ठेवली. दिवाळीला ती आली नाही. गुढीपाडव्याला वेळेवर येईल असे विश्वासरावांनी स्वच्छ, सुरेख अक्षरात कळवले. पाडव्यालाही आली नाही.

१९१७ च्या वैशाखात तार आली की तीन दिवसांच्या तापाने वत्सला गेली.

दामोदरपंत अमरेलीला गेले आणि पाच दिवसांनी परतले. मी त्यांच्या घरी गेलो. ओट्यावर कोणी नव्हते. ते आत भिंतीशी बसले होते. त्यांनी मला पाहून उठायचा प्रयत्न केला, मी त्यांना बसवले.

"शेजारच्या बाईंनी सांगितलं," ते खालच्या आवाजात म्हणाले, जसे काही कचेरीतला मजकूर वाचून दाखवत होते. "भाजीत मीठ जास्त झालं म्हणून विश्वासराव तिला खोलीत कोंडायचे. दोन दिवस, तीन दिवस. घराबाहेर एक शब्दही जायचा नाही. मारायचे नाहीत, असं त्या म्हणाल्या. शिकलेला माणूस. ताप कोंडलेली असतानाच आला. डॉक्टरला तिसऱ्या दिवशी बोलावलं."

 मी म्हणालो, "पंत, चूक माझी आहे."

"नाही, रावसाहेब. आपल्यापुढे पुरावा कुठे होता? माझ्या डोळ्यांपुढे होता. मी बघितलं आणि बघितलेलं खरं मानलं नाही." मग म्हणाले, "दुसऱ्या कोणाच्या मुलीसाठी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. घर बरं नाही म्हणून. स्वतःच्या मुलीच्या बाबतीत मला धीर झाला नाही."

अहल्याबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या तोवर माझ्याशी कधी चार वाक्यांपलीकडे बोलल्या नव्हत्या.

"रघुनाथराव, एक विचारू?"

"विचारा, वहिनी."

"यांनी तुम्हाला वाटीचं सांगितलं. विहिणबाईंचं सांगितलं होतं का?"

मी दामोदरपंतांकडे पाहिले. त्यांनी मान खाली घातली होती.

"जेवणं झाल्यावर त्यांनी मला आत नेऊन कुंकू लावलं," अहल्याबाई म्हणाल्या. "माझा हात धरला आणि म्हणाल्या, तुमची मुलगी गुणाची आहे असं ऐकते. तिला दुसरीकडे द्या. आईनं आपल्या मुलाबद्दल सांगितलं हो. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मी त्याच रात्री यांना सांगितलं, मला हे स्थळ नको."

माझ्या तोंडून निघाले, "पंत, हे मला का नाही सांगितलंत?"

 उत्तर अहल्याबाईंनी दिले. त्यांचा आवाज चढला नाही. "दुसऱ्या दिवशी कचेरीतून आले आणि म्हणाले, वाटीचंच साहेबांना पटलं नाही, आता बायकांचं बोलणं त्यांच्यापुढे काय ठेवू? मी म्हटलं, मग मला तरी घेऊन चला त्यांच्याकडे, मी सांगते. तर म्हणाले, तू काय सांगणार?"

त्या आत निघून गेल्या. भांड्याचा आवाज आला आणि थांबला.

मला पुढे खात्यात वरच्या जागा मिळाल्या. अठरा वर्षे मी स्वतः परीक्षक होतो. परीक्षा असाव्यात असेच मला अजून वाटते, कारण सोंगट्यांवर दिलेल्या जागाही मी जुन्या कागदांत पाहिल्या आहेत. पण प्रश्नपत्रिका काढताना दर वर्षी मला विश्वासरावांचे ते घर आठवले. त्या घरात चार माणसांना खरे ठाऊक होते: विहीण, तिची मुलगी, अहल्याबाई आणि दामोदरपंत. चौघांपैकी तिघींना कोणत्याही परीक्षेला बसायचीच परवानगी नव्हती आणि चौथा नापास होता. निर्णय मी दिला. मला काहीच ठाऊक नव्हते.

त्या दिवशी दामोदरपंतांकडे मी फार वेळ बसलो नाही. निघायला उठलो तसे दामोदरपंतही भिंतीला हात लावून उठले. मी नको म्हणालो, दोनदा म्हणालो. त्यांनी ऐकले नाही. अंगरख्याचे बंद नीट केले, माझे जोडे सरळ करून ठेवले, आणि मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले. मी त्यांचा वरिष्ठ होतो.