बिनवासाचे वासवाले

आमच्या काकांना सगळं गाव ‘वासवाले’ म्हणतं, आणि गेली अकरा वर्षं ते ज्या वायूच्या मागे लागलेत त्याला वासच नाही. रंग नाही, चवही नाही. जमिनीतून निघतो, फरशीच्या भेगेतून घरात शिरतो आणि भाडं न देता राहतो. नाव रेडॉन. वर्षानुवर्षं छातीत जात राहिला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, म्हणून काका घरोघर जाऊन तो मोजतात. दार उघडणारी बाई आधी दोनदा हुंगते आणि सांगते, आमच्याकडे काही येत नाही हो. काकांचं उत्तर ठरलेलं: वास येत नाही, पण त्याचा घरात वास असतो. यावर आजवर कुणी हसलेलं नाही.

मग ते वायू शोषून घेणारा कोळसा भरलेली एक चपटी डबी तळमजल्यावर ठेवतात. चार दिवस दारं-खिडक्या बंद, आणि डबीला हात लावायचा नाही. लोक हमखास लावतात. पाहुणे येणार म्हणून कुणी ती कपाटात कोंबतं, कुणी धूळ पुसायला उचलतं ते थेट गच्चीत नेऊन ठेवतं. काकांच्या मते वायू मोजणं सोपं, माणसं अवघड.

एवढ्या घरांना शहाणपण शिकवणाऱ्या या गृहस्थांनी स्वतःच्या घरात मात्र कधी डबी ठेवली नव्हती. डबी प्रयोगशाळेत तपासून येणारा आकडा शंभराच्या आत असायला हवा; तो शेजारच्या शिक्षिकेकडे चारशेवर गेला, तेव्हा तिने सहज विचारलं, तुमच्याकडे किती? काकांनी त्याच संध्याकाळी एक डबी घरी आणली.

आमच्या तळघरात काकूचं राज्य. शिलाई मशीन, कापायचं टेबल, खुंट्यांवर लोकांचे अर्धे शिवलेले कपडे. वरच्या खोल्या सगळ्यांच्या, ही एकटी तिची. रोजचे आठ तास ती तिथेच असते. काकांनी डबी मशीनजवळच्या फळीवर ठेवली, नियम सांगितले, आणि काकू नुसतं ‘बरं’ म्हणाली. ती वाद न घालता बरं म्हणते तेव्हा पाणी मुरतंय, हे इतक्या वर्षांच्या संसारात काकांना कळायला हरकत नव्हती.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी डबी उचलली. फळीवर होती तिथेच होती, पण गारेगार. त्यांनी ती नाकाजवळ नेली. कांदा. वासवाल्यांनी नाकाने लावलेला हा पहिलाच शोध.

“फ्रीजमध्ये ठेवली होतीस?”

“दार बंद हवं, असं तुम्हीच म्हणालात,” काकू सुईत दोरा ओवत म्हणाली. “फ्रीजइतकं घट्ट दार आहे का या घरात? शिवाय कोळसा वास ओढतो. कांद्याचा कमी झाला बराच.”

काका हसले नाहीत. हे का केलंस, एवढंच त्यांनी विचारलं. दोरा दोनदा हुकला.

“आकडा वाढला की तुम्ही खोलीला कुलूप लावाल. शेजारणीला तेच सांगितलंत ना, खाली बसू नका म्हणून? मी मशीन घेऊन बसू कुठे, जिन्यात?”

“अगं, पण आठ तास तूच बसतेस ना इथे,” काका म्हणाले.

शेवटी तह झाला. खोली जाणार नाही, पण डबी हलणार नाही. दुसऱ्या डबीवर काकूने स्वतः पहारा दिला, हातात कात्री घेऊन. आकडा आला चारशे साठ. शेजारणीपेक्षा जास्त, हे काकांना सगळ्यात लागलं.

मग भेगा बुजवल्या. फरशीला भोक पाडून पाइप थेट छपराच्या वर नेला, त्याला पंखा बसवला. वायू घरात शिरण्याआधीच खालून ओढून बाहेर. भोकाची जागा नेमकी कापायच्या टेबलाखाली निघाली. काकूने कुणाला न सांगता ते आधीच बाजूला सरकवून जागा करून दिली होती. पंखा रात्रंदिवस घुमतो, त्यावर ती रोज कुरकुरते. पण नवा आकडा आला अठ्ठावन्न, आणि तो कागद तिने टाचणीने मशीनच्या वर लावला.

परवा माप द्यायला आलेल्या एका बाईने पाइपकडे पाहून हुंगलं. म्हणाली, इथे तर कसलाच वास येत नाही. काकू दातात टाचण्या धरून म्हणाली, “येत नव्हताच हो, नुसता वास करून होता. आता घर खाली करून घेतलंय.”

बाई खळखळून हसली. काका जिन्यातच होते. तसेच वर निघून गेले.