तीन साखळ्या पाच आणे

आमच्या घोडेगावकडच्या रानाची रुंदी वडलांना तोंडपाठ होती: तीन साखळ्या आठ आणे. जुन्या मोजणीची साखळी तेहतीस फुटांची आणि जुन्या रुपयासारखी सोळा आण्यांची. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्त. वडील गेल्यावर तो आकडा माझ्याकडं आला, आणि बांधाबद्दलचा संशयही.

बांधापलीकडं आबांचं रान. नातं काही नाही, वयानं थोरले म्हणून आबा. त्यांच्या घरी अजून मेंढरं आहेत. उन्हाळ्यात ती आमच्या रानात बसायची, आम्हाला खत मिळायचं, आम्ही धान्य द्यायचो. पण मला त्यांचं सगळंच खुपायला लागलं होतं. त्यांचा ट्रॅक्टर बांधाला फार चिकटून वळतो. बांधावरचा दगड कलला म्हणजे कुणीतरी हलवलाय. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "काय भाऊ, रानाकडं येणं न्हाई तुमचं?" मला वाटायचं, मी येत नाही यावर ह्यांची नजर आहे.

शेवटी मीटरचा टेप आणला. एक टोक बायकोला धरायला लावलं. पस्तीस मीटर आणि वर वीस सेंटिमीटर. साखळी दहा मीटरहून जराशी मोठी, तेवढ्यानं मोबाइलवर भागलं. उत्तर ३.५.

मी दूध डेअरीत फॅट बघतो. तिथं साडेतीन कुणी म्हणत नाही. मशीनवर ३.५ आलं की आम्ही पुकारतो, "तीन-पाच." त्याच सवयीनं मी वाचलं, तीन साखळ्या पाच आणे. म्हणजे तीन आणे गेले, सहा फुटांची पट्टी, रानाच्या पार टोकापर्यंत. खरं सांगायचं तर मला राग आला नाही, बरं वाटलं. इतके दिवस उगाच संशय घेत नव्हतो, एवढंच मनात आलं.

आबांना बांधावर बोलावून मोबाइल पुढं धरला. त्यांनी बांधाकडं बघितलं.

"मी हात लावला न्हाई राव. आमच्या बाच्या येळचा बांध हाय."

"मग हे खोटं बोलतंय का?"

"त्यातलं मला काय कळतंय. तुमी रोज आकडं वाचता." जरा थांबून म्हणाले, "सहा फुटांसाठी तोंडं फिरवून बसायचं का आपण? घ्या सरकवून."

बांध सरकला. त्यांची शेवग्याची झाडं माझ्या रानात आली. आबा बांध कोरतात असं गावात बोलणं सुरू झालं, आणि मी ते होऊ दिलं. पुढच्या उन्हाळ्यात मेंढरं आली नाहीत.

मग कांद्याची चाळ बांधायची निघाली. बायको म्हणाली, "अर्धी साखळी लांबी पुरंल." मी मोबाइलवर ०.५ टाकून म्हणालो, "म्हणजे पाच आणे."

"अर्ध्याचे पाच आणे कधीपासनं झाले?" ती हसायला लागली. "तिकडं खोडदला दुर्बिणीनं आभाळ मोजत्यात, आन तुमाला साखळी मोजंना. अर्धी म्हंजी आठ आणे." हसता हसता ती माझ्याकडं बघायला लागली. टेपचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं.

साडेतीन साखळ्या म्हणजेच तीन साखळ्या आठ आणे. बांध बरोबर होता.

तरी मी कुणाला बोललो नाही. बायकोनं त्या शेवग्याच्या शेंगा घरात आणणं बंद केलं.

यंदा आबांच्या नातीला डिंगोऱ्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील चौकशीला थेट डेअरीवर आले. "घर कसं हाय? बांध कोरत्यात म्हणं." मी म्हणालो, "चांगली माणसं आहेत." पण उत्तराला उशीर झाला, आणि तो त्यांनी टिपला.

त्याच संध्याकाळी आबांच्या ओट्यावर जाऊन आकड्याची चूक सांगितली, सहा फूट परत घ्या म्हणालो.

"रस्त्याबिस्त्यात जातीय का ती पट्टी?"

"नाही आबा."

"मग आत्ताच का देताय?"

डिंगोऱ्याच्या पाहुण्यांचं सांगितलं. "हे कधी कळलं तुमाला?" त्यांनी विचारलं. तेही सांगितलं. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "फुटाचं ऱ्हाऊ द्या. डिंगोऱ्याला चला, आन हेच तिथं बोला."

गेलो. बोललो. मुलाच्या वडलांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमाला आबांनी काय द्यायचं कबूल केलंय?" मी म्हणालो, "काहीच नाही." त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, आकडे माझ्याकडून परत वदवून घेतले, भागाकार केला, माझा नंबर घेतला. कळवतो म्हणाले.

बांध परत जागेवर घेतला आहे. डिंगोऱ्याहून अजून फोन नाही. आबा भेटले की रानाचं विचारत नाहीत. "आला का फोन?" एवढंच विचारतात, आणि मी नाही म्हटलं तरी माझ्या तोंडाकडं बघत राहतात.